तिसऱ्यांदा तुटलेला धागा

सातवं मशीनही पडलं आणि प्रज्ञाच्या प्रोग्रामने ते पुसून लगेच आठवं उभं केलं. मशीन कसलं, कुठल्याशा दूरच्या कंपनीच्या मोठ्या संगणकात भाड्याने घेतलेला एक कप्पा. तो गिऱ्हाइकाला हवा तसा मांडून द्यायचा, बिघडला की नवा मांडायचा, असा हा प्रोग्राम तिने वर्षभर खपून बनवला होता. बारा वाजता तो गिऱ्हाइकाला दाखवायचा होता, आणि नेमकी आजच मशिनं एकामागून एक मान टाकत होती.

"काय गं, पुन्हा?" तिच्या वडिलांनी, श्रीपतबाबांनी विचारलं. सुरतेच्या पांडेसऱ्यात तीस वर्षं सांचा, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, चालवून त्यांचे कान गेले होते. घरातही ते कारखान्यात असल्यासारखेच ओरडून बोलत.

तिने त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. बाबा हसले. "धागा एकाच जागी तिसऱ्यांदा तुटला ना, की मी गाठ नाही मारायचो. सांचा बंदच ठेवायचो. तुटलेलं तसंच राहू द्यायचं अन् बघायचं. गाठ मारली की कारण गेलं."

प्रज्ञाने कपाळावर हात मारला. तिचा शहाणा प्रोग्राम दर वेळी मशिनाबरोबर कारणही पुसून टाकत होता. तिने प्रोग्राममधून नवं मशीन मांडायची सूचनाच काढून टाकली. आठवं पडलं, ते पडू दिलं.

लगेच साहेबांचा फोन आला. "बंद का दिसतंय? नवं उभं कर, कारण नंतर शोध."

"सर, कारण सापडेपर्यंत नाही."

"मग तू राहू दे. हे काम आता तुझ्याकडे नाही, पुढचं तुमच्या टीममधला शुभम बघेल."

साडेबाराला कारण सापडलं. नोंदी किती साठवायच्या, याचा तिनेच लिहिलेला आकडा चुकला होता. प्रत्येक मशीन स्वतःच्याच नोंदींनी भरून बंद पडत होतं. तिने ते शुभमला कळवलं, लॅपटॉप मिटला आणि तिला रडूच आलं.

"बाबा, तुम्ही सांचा बंद ठेवायचात, तर शेठ काही बोलायचे नाहीत?"

"बोलायचे? एकदा तर काढूनच टाकलं. चार महिने घरी होतो. तू दुसरीत होतीस तेव्हा."

ते चार महिने तिला लख्ख आठवत होते. बाबा रोज तिच्या वेण्या घालायचे, खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे, सुटायच्या आधीच फाटकाशी येऊन उभे राहायचे. तिच्या लहानपणातले सगळ्यात सुखाचे दिवस. वर्गात ती ज्याला त्याला सांगत सुटली होती, आमच्या बाबांना सुट्टी लागलीय!