उशिरा सुरू होणारं मशीन

"काकू, मशीन बिघडलेलं नाही. तुम्हीच बटण दाबताय."

"मी? मला चष्म्याशिवाय ते बटण दिसतं तरी का?"

मेकॅनिकचं डोकं सटकलं. त्याची ही तिसरी खेप. भांडी धुण्याचं मशीन त्याने दोनदा अख्खं खोलून पाहिलं होतं. मोटर ठणठणीत, पाणी नीट. फक्त उशिराचं बटण दाबलेलं. एकदा दाबलं की मशीन तासाभराने सुरू होतं, दोनदा दाबलं की दोन तासांनी. बाहेर जाणाऱ्यांसाठी सोय. आणि काकू तर घर सोडून कुठे जातच नव्हत्या.

काकूंचं एकच पालुपद. जेवणं झाली की त्या भांडी लावतात, मशीनचं दार नुसतं टेकवतात, गच्चीत कपडे वाळत घालून येतात आणि मग चालू करतात. तरी मेलं ढिम्म. संध्याकाळी चहाला एक कप धड मिळत नाही.

"घरात आणखी कोण असतं?"

"हे असतात की." काकूंनी हनुवटीनेच दाखवलं.

मास्तर मशीनला खेटून चाकांच्या खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. तो शालीखाली होता. डाव्या हातातला पेपर तोंडासमोर. काकूंनी आवाज खाली आणला. व्यायाम करून घेणारी बाईसुद्धा आता यायची थांबली होती, हात परत येणार नाही म्हणाली. म्हणून तर मुलगा आज दुकानाची किल्ली न्यायला आला होता. उद्यापासून तिथे दुसरा शिंपी बसणार.

मुलगा दारातच उभा होता, घाईत. असली कटकट कशाला, नवं मशीन घेऊन टाकू, म्हणाला. मग आत येऊन त्याने बाबांपुढे हात पसरला. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. मास्तरांचा पेपर काही हलला नाही.

मेकॅनिकला ते 'नवं मशीन' झोंबलं. त्याने काकूंना विचारलं, पहिल्यापासून सांगा, कधी किती उशीर झाला?

काकूंना सगळं पाठ होतं. सुरुवातीला आठ दिवस एकच तास. मग दोन. मग कितीतरी दिवस तीनवरच अडलं. गेल्या आठवड्यात सात. काल अकरा, मध्यरात्री घरघर सुरू झाली तेव्हा त्या दचकून उठल्या होत्या.

मेकॅनिकने बोटांवर आकडे मोजले. चूक अशी शिस्तीत चढत नाही. बटण कुठे आहे ते त्याने पुन्हा पाहिलं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उजव्या कोपराजवळ. तो हळूच खुर्चीजवळ वाकला.

"मास्तर, आज किती?"

"अहो, त्यांना काय विचारता," काकू म्हणाल्या.

पेपर खाली आला. शाल हलली. उजवा हात बाहेर निघाला, थरथरत वर सरकला आणि बटणावर टेकला. एक. दोन. काकूंनी ओट्याची कड धरली. सहाव्याला मास्तरांच्या कपाळावर घाम आला. मुलाचा हात पसरलेला तसाच राहिला. दहा. अकरा. मग बराच वेळ काहीच नाही. बारा. त्याच्या पुढे मशीनकडे आकडाच नव्हता.

"एवढे दिवस माझ्यापासून लपवलंत?" काकूंचा आवाज फाटला.

"अर्धवट शिवलेला कपडा मी कधी कुणाला दाखवलाय का?"

त्याच हाताने मास्तरांनी खिशातून किल्ली काढली. मुलाच्या तळहातावरून पलीकडे नेली आणि मुठीत आवळली.

"बघतोस काय, खुर्ची वळव. दुकान उघडायचंय. मला आता निघायला हवं."