लायसन्स वैध आहे

सदर बाजारातल्या ऑनलाइन सेवा केंद्रात मुकुंदराव जिवंत असल्याचा दाखला काढायला आले. तो नसला की पेन्शन बंद. पण केंद्रवाल्या केतनचा कॉम्प्युटरच बसलेला. "थांबा काका, विंडोज नव्यानं टाकून राहिलो."

आतलं होतं-नव्हतं ते सगळं पुसलं, तरी विंडोजचं लायसन्स आपोआप वैध. "आतला मदरबोर्ड तोच आहे ना, विंडोजनं बरोबर ओळखलं त्याला!" केतन खूश.

मग मुकुंदरावांनी मशीनवर अंगठा ठेवला. फॅक्टरीत जन्मभर लोखंड घासून बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीननं दहाही बोटं नाकारली. ते भडकले, "अरे, समोर उभा आहे ना मी! काहून नाही ओळखत?"



"तसं नाही चालत काका," केतन म्हणाला. "जिवंत असल्याचा दुसरा काही पुरावा आणलाय?"