उष्टी हळद

सरकारनं पैसा मंजूर केला, तेव्हापासून महारोगाच्या गोळ्यांसाठी अमरावतीला जायची गरज उरली नाही. दर मंगळवारी दवाखान्याची जीप गावाबाहेरच्या चिंचेखाली थांबायची आणि गोळ्या फुकट मिळायच्या.

मनकर्णाबाईनं दोन वर्षांत एकही मंगळवार चुकवला नाही. तरी तिची बोटं वाकतच गेली. शेवटी डॉक्टर चिडले.

"बाई, गोळ्या खाता की फेकून देता?"

"खातो ना, सायेब."

"मग गुण का येत नाही? सरकारचा पैसा मातीत घालायला नाही आला. पुढच्या मंगळवारपासून तुमचं औषध बंद."

ती उठून घराकडं निघाली.

पुढच्याच महिन्यात तिच्या इंदूचं लग्न होतं. माय अशी, म्हणून मुलाकडच्या बायकांनी बजावलं होतं, "उष्टी हळद आमीच लावू. पोरीच्या आंगावर एक डाग दिसला, तं वऱ्हाड वापस जाईन."

मनकर्णाबाईला मांडवात यायला मनाई होती. हळदीच्या दिवशी ती गोठ्यात तट्ट्याआड बसून कान देत होती. मुलाची काकू इंदूच्या पाठीला हळद चोळू लागली.

"काकू, तिथं नोका ना! गुदगुल्या होऊन राहिल्या मले," इंदू खिदळली.



त्याच जागी डसलेला मुंगळा दोन वर्षांपूर्वी मायनं न्हाऊ घालताना उपटून काढला, तेव्हा इंदूला कळलंसुद्धा नव्हतं. आणि त्या दिवसापासून मंगळवारची एकूणएक गोळी पोरीच्याच पोटात गेली होती.