निळ्या दाराचं घर

चष्म्याच्या दुकानात बसून चष्मेवाल्याने तो सिनेमा इतक्या वेळा बघितला होता की गिऱ्हाइकांनाही त्यातले संवाद पाठ झाले होते. त्यातलं निळ्या दाराचं घर एकदा तरी डोळ्यांनी बघायचंच, म्हणून बायकोची बोलणी खाऊन तो एकटाच निघाला. घर सापडलं, दारही तेच होतं. आणि दार उघडलं ते सिनेमातल्या त्याच बाईने, जी चादरीने झाकलेल्या मुलाला लोक बाहेर नेत असताना चौकट धरून हंबरडा फोडते. फक्त आता तिचे केस पांढरे झाले होते.

चष्मेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. "आजी, काय रडलात हो तुम्ही. मोठमोठे नट झक मारतील तुमच्यापुढे." त्याने लगेच बायकोला व्हिडिओ कॉल लावला. "हिला खरंच वाटत नाहीये बघा. तसंच रडून दाखवता का जरा? अगदी थोडंसं." मग फोन उंच धरत म्हणाला, "थोडं डावीकडे सरका हं, तोंडावर सावली येतेय."

म्हातारी निमूट सरकली. तिने चौकटीवर हात ठेवला.

"तेव्हाही सावलीच आड आली होती," ती म्हणाली. "म्हणून शूटिंगवाल्यांनी माझ्या गेलेल्या लेकाला परत घरात आणून ठेवलं, आणि पुन्हा उचलायला लावलं."