चिपचं नाव

इंजिनियरचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. त्याच्या कंपनीची चिप वेगाच्या चाचणीत उगाच मागे पडत होती. प्रतिस्पर्ध्यांच्या कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, बनवलेला चाचणीचा प्रोग्रॅम आधी चिपचं नाव बघायचा आणि परकं दिसलं की मुद्दाम लांबच्या वाटेने काम करायचा. इंजिनियरने नुसतं चिपचं नाव बदललं, तर तीच चिप सुसाट पळाली!

घरी आल्यावरही येरझारा घालत तो बायकोला तेच सांगत होता, "अगं, काम बघायच्या आधीच नाव बघतात! हा काय न्याय झाला?"

तेवढ्यात आतल्या खोलीत खळ्ळकन काहीतरी फुटलं.

"धाकटे!" तो तिथूनच कडाडला. "काय फोडलंस गं परत?"



"बाबा, मी केव्हाची तुमच्या मागे उभी आहे. पाणी घेऊन."