करंगळीएवढी धार

खालच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेने सकाळीच अंगणातल्या तुळशीला ऐकवलं, "काहींचे नळ धो-धो वाहतात, आमच्या नळाला करंगळीएवढी धार. गच्चीवरचा व्हॉल्व्ह कुणी आवळला, देव जाणे."

दिवाळीपासून दोघींचा अबोला होता आणि आधी बोलेल ती हरणार होती. पण वर राहणाऱ्या थोरल्या जावेला, प्रमिलाबाईंना, हा आळ सोसवेना. त्या तडक गच्चीवर गेल्या. टाकी भरलेली, खालच्या पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा; म्हणजे आतच कचरा अडकला असणार. पदराने चाक धरून त्या तो उघड-बंद करू लागल्या आणि कठड्यावरून वाकून टाकीला म्हणाल्या, "काय गं टाके, वाढली का खालची धार?"

"नळोबा, आहे तेवढीच आहे म्हणावं," खालच्या न्हाणीघरातून उत्तर आलं.

पुढच्या हिसक्याला पाइप थरथरला आणि खाली भस्सकन आवाज झाला.

"अहो वहिनी, पुरे, डोक्यापासून भिजले मी!"

हरली. प्रमिलाबाईंच्या अंगावर आनंदाने काटा आला. ही बातमी आत्ताच्या आत्ता कुणालातरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना, म्हणून त्या पुन्हा कठड्यावरून वाकल्या.

"ऐकलंस का गं, तू आधी बोललीस. चहा टाक, आलेच खाली."