हिरवा डोळा

"आवाज तर एकदम साफ आहे, काकी. मंग दुरुस्ती कशाची करू?" खेमराजने टेपरेकॉर्डर बंद केला आणि फितीची फिरती रिळं बोटाने थांबवली.

सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला. "आवाजाचं नाही जी. तो डोळा पाहा. मंद झाला."

बालाघाटच्या बसअड्ड्यासमोर खेमराजचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्यभामाबाई आणि डोमाजी हे जोडपं सकाळच्या गाडीने कटंगीहून आलं होतं. गोधडीत गुंडाळलेलं ते जड जर्मन यंत्र डोमाजींनी सगळी वाट मांडीवर धरून आणलं होतं. कंडक्टरला टपावर टाकू दिलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवरून खेमराजला हा माणूस आवडून गेला.

यंत्राच्या तोंडावर बोटाएवढा काचेचा दिवा होता. आवाज आला की त्यातला हिरवा उजेड पाकळीसारखा हलायचा. बारीक आवाजाला थोडा, मोठ्या आवाजाला जास्त. फितीत आवाज किती भरतो आहे ते कळावं म्हणून केलेली ती सोय. पण आता तो उजेड इतका विझत आला होता की हाताचा आडोसा केल्याशिवाय दिसत नव्हता.

"याच्याबिगर टेप चालते," खेमराज म्हणाला. "डोळ्याचं काहून मनावर घेता?"

डोमाजी फळीवरचे जुने रेडिओ पाहत उभे होते. बाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला, समोर जाऊन म्हणाल्या, "हे म्हणतेत, डोळ्याबिगर चालते."

"नाही चालत," डोमाजी म्हणाले. "डोळाच पाह्यजे."

"कुठून घेतला हा, काकाजी?"

डोमाजी पुन्हा रेडिओंकडे वळले होते. उत्तर बाईंनीच दिलं. "हे मँगनीजच्या खाणीत होते. साहेब मुलूख सोडून गेला, तवा देऊन गेला."

"बक्षीस?"

"तसंच समजा."

बाई नवऱ्याला बोलूच देत नाही, असं खेमराजला वाटलं. त्याने माइक त्यांच्यापुढे सरकवला. "काही म्हणा, काकी. किती मंद झाला ते पाहतो."

बाई लाजल्या, मग धान रोवण्याचं एक गाणं म्हणाल्या. चारच ओळी. डोमाजी यंत्रावर वाकले. दोन्ही तळहात त्याच्याभोवती धरून, कपाळ जवळजवळ झाकणाला टेकवून ते गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"दुसऱ्या ओळीत दम तुटला तुहा," ते म्हणाले. "आन शेवटी आवाज काहून खाली नेला? लाजली काय?"

बाई तोंडावर पदर घेऊन हसल्या.

खेमराजने फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. दुसऱ्या ओळीत खरंच श्वासाएवढी फट होती. त्याच्या कानातून ती निसटली होती. त्याच्या अंगावर काटा आला.

पंधरा वर्षं तो या यंत्रांच्या मागे वेडा झाला होता. भंगारात पडलेली आणून उभी करायची, रात्रंदिवस त्यांचाच ध्यास. गिऱ्हाईक यायचं ते बातम्या नाहीतर सिनेमाची गाणी ऐकायला. बायको चंपाबाई त्याच्या टेपरेकॉर्डरला 'बोलका डबा' म्हणायची. एका श्वासाचा फरक ओळखणारा माणूस सबंध बालाघाटात त्याला भेटला नव्हता.

"या डोळ्याचा व्हॉल्व्ह आता नागपुरातही मिळत नाही, काकी," तो म्हणाला.

हे खरं होतं. मुंबईला दोन वर्षं चिठ्ठ्या लिहून त्याने एक मिळवला होता. तो आतल्या खोलीत, त्याच्या स्वतःच्या यंत्रात होता.

डोमाजींची नजर खेमराजच्या तोंडावर होती. बायकोने काही सांगायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला. ते पाठ फिरवून गोधडी उलगडू लागले. "चाल, कमलाची माय. इतकी वर्सं चालला, तेच लय झालं."

खेमराज उठला. "थांबा, काकाजी!"

डोमाजी थांबले नाहीत. राग आला असावा. बाईंनी त्यांचा हात धरला तेव्हा कुठे ते थबकले.

खेमराज आत गेला. आपल्या यंत्राची मागची फळी त्याने उघडली. क्षणभर हात अडखळला, मग त्याने व्हॉल्व्ह हळूच उपटून घेतला. कुठून आणला ते बाहेर सांगितलं नाही.

अर्ध्या तासाने बटण दाबलं आणि काचेत धानाच्या कोवळ्या रोपासारखा हिरवा उजेड उमलला.

"बोल," डोमाजी बायकोला म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. बोलत राह्य."

बाई माइकपुढे बसून बोलत राहिल्या. कटंगीच्या बाजारातली वांगी, बसमधली गर्दी, कमलाच्या सासरहून आलेली चिठ्ठी. डोमाजी समोर उकिडवे बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांत पाणी. बायकोच्या साध्या बडबडीला एवढा जीव लावून बसलेला नवरा खेमराजने कधी पाहिला नव्हता.

परतीची गाडी लागली. जागा धरायला डोमाजी यंत्र घेऊन पुढे गेले. यंत्र उचलण्याआधी त्यांनी खेमराजचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट दाबले.

मागे राहिलेल्या बाईंना खेमराज म्हणाला, "काकी, एक मागणं आहे. माह्याजवळ तीस फिती आहेत. पोरासारखं जपलं त्याईले. एक दिवस काकाजीले इथं बसवून मले त्या ऐकवायच्या आहेत. असे कान मी दुसऱ्या कोणाचे पाह्यले नाही."

बाईंनी बसकडे पाहिलं. खिडकीतून डोमाजी हात हलवून बोलावत होते. बाईंनीही नुसताच हात वर केला.

"अकरा वर्सं झाली, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "खाणीत सुरुंग जवळ फुटला, तवापासून त्याईले काहीच ऐकू येत नाही. मी बोलतो ते, त्या डोळ्यात पाहतेत."